तुम्ही विचारलेत म्हणून : अर्धवट बांधकामाची जोखीम

काम सुरू होण्याआधीच त्यातले धोके कसे ओळखायचे, असे नवे अभियंते मला नेहमी विचारतात आणि बहुतेकांना उत्तरादाखल एखादा तयार तक्ता हवा असतो. तक्ते आहेतच : एका रकान्यात धोक्याची शक्यता, दुसऱ्यात त्याची तीव्रता, तिसऱ्यात दोहोंचा गुणाकार. माझी तक्रार एवढीच की ते बहुधा पूर्ण झालेला पूल किंवा इमारत डोळ्यांपुढे ठेवून भरले जातात, आणि साइटवरची माणसे मात्र काम संपेपर्यंत अर्धवट बांधकामाच्या आसऱ्यानेच वावरत असतात.

पानशेतचे उदाहरण मी म्हणूनच देतो. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुण्यात पूर आला, एवढे सर्वांना ठाऊक असते. मातीच्या त्या धरणाचे काम अजून पुरे व्हायचे होते, तरीही त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी खाली सोडण्याच्या मार्गाच्या, दारांचे काम अपुरे होते. अर्धवट उघड्या दारांखालून वेगाने जाणाऱ्या पाण्याने हादरे बसू लागले, विमोचकावरचा भराव खचत गेला आणि जलाशयाची पातळी चढत असताना धरणाचा माथा खाली येत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून तो उंच ठेवण्याची शर्थ केली. त्याने थोडा वेळ मिळाला, धरण वाचले नाही. पूर्ण धरणाचे नकाशे कितीही बारकाईने तपासले असते, तरी त्यांत हा धोका दिसला नसता. तो दिसण्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो : पावसाळा सुरू होईल त्या दिवशी हे काम नेमके कोणत्या अवस्थेत असेल, आणि त्या अवस्थेत पाणी आले तर ते कुठून जाईल?

म्हणून मी नकाशाआधी कामाचे वेळापत्रक मागवतो, त्यावर जूनची रेघ मारतो आणि प्रत्येक टप्प्याला तीन गोष्टी विचारतो : आज काय उभे आहे, ते कशावर टेकले आहे आणि त्याच्याखाली किंवा शेजारी कोण आहे. तिसरा प्रश्न सर्वांत जास्त वगळला जातो. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. मजुरांची वस्ती कुठे वसवायची हा निर्णय सहसा जागा कुठे मोकळी आहे यावरून होतो, आणि कुणी अभियंता त्यावर सही करत नाही. समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ २०२३ साली गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण दगावले, तेव्हाही कोसळले ते पुलाचे काम संपताच तिथून हलवले जाणारे साधन होते.

जमिनीखालच्या धोक्यांविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल बोलचा, म्हणजे लाल चिकणमातीसारखा, मऊ पट्टा असतो, आणि तपासणीसाठी घेतलेल्या दोन बोअरमध्ये कठीण खडक लागला म्हणून मधली जागाही तशीच असेल, असे धरून चालता येत नाही.

धोका ओळखल्यावर तो कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो, आणि त्या माणसाला काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्यावा लागतो. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ अशी नोंद म्हणजे कुणीच घेणार नाही, असे मी समजतो. दुसरी गोष्ट पैशाची. खड्ड्याच्या कडांना द्यायचा आधार, पाणी उपसणे, सेंटरिंगची (ओल्या काँक्रीटला खालून दिलेल्या तात्पुरत्या आधाराची) तपासणी हे सारे निविदेत कंत्राटदाराच्या एकंदर दरात गृहीत धरले, की सर्वांत कमी दर भरणारा नेमके तेच कापतो. त्यामुळे माझ्या हातात असेल तेव्हा मी या प्रत्येक कामाची वेगळी बाब, वेगळे परिमाण आणि वेगळे देयक ठेवायला लावतो, आणि आधार उभा राहिल्याची नोंद मोजमाप पुस्तकात झाल्याशिवाय पुढच्या खोदकामाला परवानगी देत नाही.