डास सोडायचे, पण सांगून

गणपती बसले की आमच्या लॅबमध्ये डेंग्यूचा हंगाम सुरू होतो, तो दिवाळीपर्यंत. मी नाशिकच्या सिडकोत रक्त तपासायचं काम करते. सकाळी शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. एनएस-१, म्हणजे डेंग्यूची तपासणी, पॉझिटिव्ह आलं की घरच्यांचे चेहरे उतरतात, मग रोज सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि रोज तोच प्रश्न, "ताई, आज प्लेटलेट किती?" ताप उतरला की सगळे सुटकेचा निश्वास टाकतात. जपायचे दिवस खरं तर तेव्हाच सुरू होतात, हे समजावता समजावता घसा बसतो.

हा रोग पसरवते एडिस इजिप्ती डासाची मादी. काळी, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारी. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंच्या फ्रिजमागचा ट्रे मी ओढून काढला. बोटभर पाणी, त्यात अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या. ट्रे जरा हलला तर वळवळत तळाला गेल्या. पाण्याच्या रेषेवर, प्लास्टिकला चिकटलेले काळे बारीक कण होते, ती अंडी. पाणी ओतून दिलं तरी ती सुटत नाहीत. कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. आठवड्यातून एकदा पाणी साठलेली भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस पाळताना भांडं नुसतं उपडं करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात त्या यासाठी.

आणि आपण काय करतो? गल्लीत पेशंट निघाला की धुराची गाडी येते. धूर रस्त्यावर फिरतो, डास पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत बसलेला असतो. वर लोक खिडक्या लावून घेतात. वर्षानुवर्षं तेच औषध मारलं की डास त्याला दाद देईनासे होतात, ते वेगळंच.

म्हणून मला वोल्बाकियाबद्दल लिहायचंय. हा कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू. १९२४ साली हर्टिग आणि वोल्बाक या अमेरिकन संशोधकांना तो क्युलेक्स डासात दिसला. पिकलेल्या केळ्यांवरच्या चिलटांतही तो असतो, कितीतरी कीटकांत असतो, नेमका एडिस इजिप्तीत नसतो. ऑस्ट्रेलियात स्कॉट ओनील यांच्या गटाने तो चिलटांमधून काढून एडिसच्या अंड्यांत घातला. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, असा जिवाणू अंगात असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढतच नाही, मग तो चावला तरी रोग पुढे जाणं अवघड होतं. दुसरी गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. जिवाणूवाला नर साध्या मादीला भेटला तर तिची अंडी फुटत नाहीत. जिवाणूवाली मादी मात्र कुठल्याही नराबरोबर पिल्लं देते आणि सगळ्या पिल्लांत जिवाणू उतरतो. पुरेसे डास सोडले की काही पिढ्यांत वस्तीतले बहुतेक डास जिवाणूवाले होतात. विरजणासारखं! २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराजवळच्या वस्त्यांत पहिल्यांदा हे डास सोडले. पुढे इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात मोठी चाचणी झाली. शहराचे २४ भाग पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे १२ निवडले आणि तिथे जिवाणूवाल्या डासांच्या अंड्यांच्या बादल्या ठेवल्या. २०२१ साली निकाल छापून आला: त्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी, दवाखान्यात भरती व्हायची वेळ येणं ८६ टक्क्यांनी कमी. प्लेटलेटचे आकडे रोज लिहिणाऱ्या बाईला ८६ म्हणजे काय ते कळतं.

सोसायटीतल्या एका काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, डास मारायचे सोडून सोडायचे? आणि तो जिवाणू आपल्या अंगात गेला तर?" प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, काका, संध्याकाळी नासर्डी नदीकडून येतात आणि रात्री कानाशी गुणगुणतात ना, त्या क्युलेक्समध्ये तो मुळातच आहे. आपण जन्मभर त्यांचे चावे खातोय. माणसात तो टिकत नाही, कीटकांसारख्या जिवांच्या पेशींबाहेर त्याला वाढताच येत नाही.

पण काकांच्या शंकेला हसण्यावारी नेऊ नये, कारण आपल्याकडे एकदा नेमकं इथेच बिनसलंय. सत्तरच्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मिळून डासांवर जनुकीय प्रयोग करत होते. पैसा अमेरिकेकडून येत होता. दिल्लीजवळच्या सोनीपतला एडिस सोडायची तयारी झाली होती. वर्तमानपत्रांत, संसदेत जैविक युद्धाचा संशय उठला, आणि १९७५ साली सगळं गुंडाळलं गेलं. शास्त्र चुकलं नव्हतं. विश्वास कमावला नव्हता. त्याची किंमत आपण अजून मोजतोय असं मला वाटतं.

आता पुद्दुचेरीच्या आयसीएमआरच्या संस्थेने, व्हीसीआरसीने, तिथल्या स्थानिक डासांत वोल्बाकिया उतरवून दोन जाती तयार केल्यात, २०२२ साली ते जाहीर झालं. एकीत वोल्बाकियाचा डब्ल्यूमेल हा प्रकार आहे, दुसरीत डब्ल्यूअल्बबी. दोन असणं आपल्या कामाचं आहे. चिलटांमधला डब्ल्यूमेल फार तापलेल्या पाण्यातल्या अळ्यांत कमी होतो. डब्ल्यूअल्बबी उन्हाला जास्त टिकतो, मलेशियात तोच वापरला. नाशिकचा पारा हल्ली एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात घालवत नाही इतकं तापतं. इथे कुठला टिकेल, हे इथल्याच उन्हात बघायला हवं.

आणि आधी सभा व्हायला हव्यात, वॉर्डावॉर्डात, मराठीत. आशाताईंना सगळ्यात आधी नीट शिकवावं, कारण लोक दारात त्यांनाच विचारणार. वाईट वाटेल तेही सांगावं: योग्यकार्तासारखं करायचं तर माद्याही सोडाव्या लागतात, त्या चावणार, आणि सुरुवातीचे काही आठवडे डास वाढल्यासारखे वाटणार. फ्रिजचा ट्रे घासणं काही सुटणार नाही. एवढं सगळं ऐकून काकूंनी "ठेव की मग बादली आपल्या गॅलरीत" म्हटलं. काका अजून विचार करतायत, आणि त्यांना करू द्यावा.