रजिस्टरातल्या ओळखी : आमची वाटचाल

बाबांनी १९७६ साली सदाशिव पेठेत रेडिओ-दुरुस्तीचं दुकान थाटलं, तेव्हापासूनची सगळी जॉब रजिस्टरं आमच्याकडे आहेत. लांबट, लाल कापडी पाठीची. डावीकडे नाव-पत्ता, मध्ये वस्तू, उजवीकडे तक्रार. पहिली काही वर्षं नुसती खरखर आणि घोगरा आवाज. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही येऊ लागले आणि तक्रारींची भाषा बदलली : ‘माणसं हिरवी दिसतात’, ‘चित्र वर पळतं’. मग १९८७ च्या पावसाळ्यात बाबांच्या अक्षरात एक नोंद येते : ‘कॉम्प्युटर (टीव्हीला लावायचा). टीव्हीवर दिसत नाही.’

कंसातला खुलासा बाबांनी स्वतःसाठीच लिहिला असणार.

तो होता सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम, कुणाच्या तरी मामानं इंग्लंडहून आणलेला. पुस्तकाएवढा काळा डबा, वर रबराची बटणं, आत ४८ के मेमरी. बिघाड काहीच नव्हता. तिकडचे टीव्ही यूएचएफ या वरच्या पट्ट्यावर चालायचे आणि यंत्र ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र पाठवत होतं. गिऱ्हाइकाच्या टीव्हीची खुंटी १२ च्या पुढे जातच नव्हती. सिंहगडाकडे तोंड करून अँटेना बांधली की दूरदर्शन दिसायचं, त्यापलीकडे कुणाला काय हवं होतं! बाबांनी दोन दिवस विचार केला, मग चित्र चॅनेलवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरला बगल देऊन चित्राचा सिग्नल सरळ बाहेर काढला आणि टीव्हीच्या आत त्याला वेगळी वाट करून दिली. त्या टीव्हींची चासिस लाइव्ह असायची, म्हणजे सांगाड्यातच वीज खेळायची, म्हणून मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. बिल झालं पंचेचाळीस रुपये. ट्रान्सफॉर्मरच त्याहून महाग पडला असेल, पण बाबांना दोन दिवस मजा आली होती.

त्याच सुमारास आपल्या पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात होता. सिंक्लेअरच्या परवान्यानं १९८६ पासून इथे मिळू लागलेला. एकाला जमलं की वर्गातल्या दुसऱ्याला हवा, असं करत आमच्याकडेही ही यंत्रं येऊ लागली. मी तेव्हा अकरावी-बारावीत होतो आणि ‘कॅसेटवाली कामं’ माझ्याकडे असायची. प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर यायचा. टेपरेकॉर्डर जोडला की किर्रर्र आवाज, पडद्याच्या कडेनं आधी लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे, आणि पाचेक मिनिटं श्वास रोखून बसायचं. शेवटच्या क्षणी ‘टेप लोडिंग एरर’ आली की पुन्हा रिवाइंड. दहातली आठ यंत्रं धडधाकट असायची, वाकडं असायचं टेपरेकॉर्डरचं हेड. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं हेडशेजारचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. किर्रर्र सर्वात धारदार ऐकू आली की थांबायचं. अजूनही मी हे कानानंच करतो.

आता एक कबुली. १९८९ मध्ये नारायण पेठेतल्या एका मुलाचा स्पेक्ट्रम प्लस मी जाळला. त्याचा एलिमिनेटर (अडॅप्टर) गेला होता. आमच्या टेबलावर सर्व व्होल्टेजचा, प्लस-मायनस उलटसुलट करता येणारा एक होता, तो मी नऊ व्होल्टवर लावला. बहुतेक उपकरणांत पिनच्या आत प्लस असतो. स्पेक्ट्रमला आत मायनस लागतो. एक बारीक टिचकीसारखा आवाज आला, बस. आतल्या ४११६ जातीच्या आठ मेमरी आयसींना अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच व्होल्ट असे तीन पुरवठे लागतात; त्यातला उणे पाच गेला आणि बारा राहिला की त्या भाजून निघतात. माझ्या हातून नेमकं तेच झालं. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. त्या मुलाच्या वडिलांना त्यांनी सहा महिने हप्त्यानं पैसे दिले, रजिस्टरात ‘आमची चूक’ असं लिहिलं आणि जळका बोर्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. तो डबा माळ्यावर गेला, पण माझ्या डोक्यातून गेला नाही.

पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांची होती तशीच. नव्वदीत आम्ही पीसी असेंबल केले, यूपीएस विकले, इन्स्टिट्यूटांचे मॉनिटर दुरुस्त केले, मग लॅपटॉपचे बिजागर आणि मोबाइलचे डिस्प्ले. २०१० नंतर कोणी काही दुरुस्त करेनासं झालं. दोन कारागीर सोडून गेले. अर्धं दुकान भाड्यानं दिलं, तिथे आता चष्मे मिळतात.

२०१४ साली कोथरूडचे एक गृहस्थ पिशवीतून डीबी स्पेक्ट्रम घेऊन आले. म्हणाले, “पुण्यात आता हा एवढा एकच उरला असेल.” बटणांखालच्या मेम्ब्रेनचा पट्टा वाळून तडकला होता. परदेशात अशी मेम्ब्रेन नव्यानं बनवून विकतात, ती मागवली. वस्तूच्या निम्मी कस्टम ड्यूटी पडली. पुढच्या महिन्यात बिबवेवाडीचे एक शिक्षक जुन्या बाजारात मिळालेला स्पेक्ट्रम घेऊन आले आणि शब्दन्‌शब्द तेच म्हणाले. तिसऱ्या ‘एकमेव’ गिऱ्हाइकाला मात्र मी रजिस्टर उघडून दाखवलं. मग तिघांना विचारून एकमेकांचे नंबर दिले. म्हटलं, तुम्हीच बोला आपसात, मला काम करू द्या.

काम कुठलं करू देतात! रविवारी सकाळी दुकान बंद असतं, तेव्हा भेटायचं ठरलं. पहिल्या रविवारी चौघं होतो. आता महिन्यातला पहिला रविवार ठरलेला आहे. पंधरा-सोळा जण येतात, टेबल पुरत नाही म्हणून चष्मेवाला शेजारी आपलं स्टूल देतो आणि स्वतःही येऊन बसतो.

मला या मंडळींचा एक खेळ फार आवडतो. प्रोग्राम लोड करताना ‘जे’ दाबला की ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटतो, मग दोनदा अवतरणचिन्ह द्यायचं. रबरी बटणांच्या यंत्रावर त्यासाठी सिम्बॉल शिफ्ट धरून ‘पी’ दाबावा लागे. प्लसवर त्याचं स्वतंत्र बटण होतं. पन्नाशीच्या माणसाच्या पुढ्यात यंत्र ठेवलं की बोटं आपोआप एकीकडे जातात, आणि लहानपणी घरात कोणतं होतं ते कळतं. ‘माझ्याकडे प्लस होता’ म्हणणाऱ्या एकाची बोटं तीनदा ‘पी’वर गेली. शेवटी कबूल झालं की प्लस शेजारच्यांकडे होता.

आठवणी बहुतेक टीव्हीच्या मालकीच्या. घरात टीव्ही एक, रविवारी सकाळी रामायण, पुढे महाभारत. त्या वेळी कॉम्प्युटर लावायचा म्हणजे घराबाहेर काढायची पाळी. दोन तास टाइप केलेला प्रोग्राम लाइट जाऊन गेला, हे तर प्रत्येकाचंच. गेल्या वर्षी एकानं बुरशी आलेल्या कॅसेटी आणल्या. टेप पुसून नव्या बॉडीत घातली आणि वाजवली, तर दोन प्रोग्रामांच्या मध्ये त्याचा स्वतःचा बारा वर्षांचा, अजून न फुटलेला आवाज : “प्रोग्राम दुसरा. काउंटर शून्य चार दोन.” आणि मागून स्वयंपाकघरातून स्पष्ट : “आधी दूध पी!” केबल काढली की टेपरेकॉर्डरचा आतला माइक चालू व्हायचा, म्हणून हे टिकलं. सगळे हसले. तो मात्र टेप पुन्हा मागे घेऊन बसला.

सगळंच असं गोड नसतं. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं शाळांमध्ये संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले होते. तसा एक शिक्षकांनी भंगारातून सोडवून आणला आणि माझं न ऐकता सरळ प्लगला लावला. दहा मिनिटं उत्तम चालला, मग पॉवर सप्लायमधून जाड, कडवट धूर. मेन्सच्या फिल्टरचे कागदी कंडेन्सर वय झालं की तडकतात, दमट हवा पितात आणि वीज मिळाली की फुटतात. गंमत म्हणजे धूर येत असतानाही पडद्यावर प्रोग्राम चालू होता. तेव्हापासून नियम : जुनं यंत्र आधी माझ्या टेबलावर, मगच वीज. तपासणीचे तीनशे रुपये. ओळखीच्यांना सूट नाही, कारण इथे सगळेच ओळखीचे.

धंदा म्हणून विचाराल, तर या कामातून दुकानाचं जेमतेम वीजबिल निघतं. हिशेब मुलगी बघते आणि तिचं तोंड बघून मला कळतं. पण स्पेक्ट्रम उघडला की मला त्यातली काटकसर बघून अस्सल पुणेरी समाधान मिळतं. वरच्या ३२ के मेमरीसाठी सिंक्लेअरनं ६४ के क्षमतेच्या, निम्म्या बाद ठरलेल्या आयसी स्वस्तात घेतल्या आणि त्यांचा चांगला अर्धा भाग वापरला. आमच्या आजीनं डागाळलेला आंबा याच पद्धतीनं चिरला असता. स्पेक्ट्रममधला झेड-८० प्रोसेसर मात्र २०२४ पर्यंत नवा मिळत होता. तो बनवणाऱ्या झायलॉग कंपनीनं त्या जूनमध्ये शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. आम्ही वर्गणी काढून चाळीस घेतले. ते बिस्किटांच्याच डब्यात आहेत.

त्या डब्यातला मूळचा बोर्ड २०१९ मध्ये मी खाली काढला. आठ मेमरी आयसी, एक ट्रान्झिस्टर, रेग्युलेटर आणि झाडून सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले. तिसऱ्या दिवशी पडद्यावर ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ उमटलं. रजिस्टरातला पत्ता नारायण पेठेतल्या एका वाड्याचा. वाडा पडून तिथे इमारत झालेली. रविवारच्या मंडळींपैकी एकाची आत्या त्याच वाड्यात राहायची. तिच्याकडून दोन महिन्यांनी नंबर मिळाला. तो मुलगा आता सांगलीत, बँकेत. मी फोनवर नाव सांगितलं तर म्हणाला, “ते जाळणारे तुम्हीच का?”

दिवाळीनंतर तो आला. मी यंत्र पुढ्यात ठेवलं, टीव्ही लावला आणि बाजूला झालो. त्यानं आधी एलिमिनेटर हातात घेतला, उलटा करून त्यावरची प्लस-मायनसची खूण चष्मा वर करून वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मगच पिन लावली.