मडगार्डची मुरड

पेचकस मागच्या मडगार्डला टेकवला, जरा दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मी उकिडवाच बसून राहिलो. शेजारच्या काकांनी गच्चीवरून विचारलं, "काय रे, पंक्चर?" म्हटलं, "नाही काका, मडगार्डच गेलंय."

माझी पिकअप १४ वर्षांची. डबल केबिन, डिझेल, फोर बाय फोर. पावसाळ्यातले रविवार इंदूरजवळच्या चोरल नाहीतर जानापावच्या कच्च्या वाटांवर जातात. माळव्याची काळी माती टायरला धरली की सोडत नाही, आणि वाळली तरी आतून ओल जपून ठेवते. घरी आल्यावर मी गाडी धुवायचो, पण कशी? वरून शाम्पू आणि चाकाच्या कमानीत पाइपाचा एक फवारा. दोन वर्षांपूर्वी तिथे फुगे दिसले, तेव्हा एका डेंटरने गंज वरवर घासला, पुट्टी भरली, रंग मारला. मीही खूष झालो. गंजावर थापलेली पुट्टी पाणी पीत राहते, हे तेव्हा माहीत नव्हतं.

या कमानीची रचना समजून घेतली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बाहेरचा पत्रा वेगळा, आतला वेगळा. दोन्ही खाली कडेला एकमेकांवर येतात आणि ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेले असतात. दोन ठिपक्यांमध्ये केसाएवढी फट राहते. पाणी त्या फटीत आपोआप वर चढतं, रंग मात्र तिथे धड पोचत नाही. म्हणजे गंज आतून बाहेर येतो. बाहेर फुगा दिसला, तेव्हा आतलं काम बहुतेक उरकलेलं असतं.

तुकडे लावावेत की कड कापून टाकावी? मागच्या पाट्यांना, म्हणजे लीफ स्प्रिंगना, बसका आलाय, खड्ड्यात हौदा खाली आला की टायर याच कडेला घासायचा. तेव्हा कापायचं ठरवलं. टायर मात्र कंपनीच्याच मापाचे ठेवले. नोंदणीच्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ला चालत नाहीत, आणि मला चेकनाक्यावर वाद घालण्याची हौस नाही.

सियागंजातून १ मिलिमीटरच्या कटिंग डिस्क, गॉगल आणि जाड हातमोजे आणले. आधी टायरला खडू फासला आणि एका बाजूने ॲक्सलखाली जॅक लावून चाक वर चढवलं, पार रबरी स्टॉपरला टेकेपर्यंत. कडेवर पांढरा पट्टा उमटला: टायर घासतो ती जागा. मग पेचकसाच्या मुठीने पत्रा ठोकत वर गेलो. चांगला पत्रा टणटणतो, खाल्लेला धप्प वाजतो. डावीकडे धप्प तीन बोटं वर गेलं होतं, उजवीकडे दोनच. दोन्ही कमानी सारख्या दिसायच्या तर उजवीकडचा बोटभर धडधाकट पत्राही जाणार होता. कागदी टेप लावला, काढला, पुन्हा लावला. चांगलं लोखंड कापायचं जिवावर येतं हो.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. टेललॅम्पच्या वायरी सोडवून बाजूला बांधल्या. माझ्या गाडीत डिझेल भरायची नळी डाव्या कमानीच्या मागूनच जाते, ती पाहूनच रेष आखली. काचांवर ओलं गोणपाट टाकलं. चुकलं ते एकच. बाबांची पांढरी स्कूटर सात-आठ फुटांवर उभी होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तांबूस तीळ उगवले! ठिणग्या म्हणजे तापलेलं लोखंडच. ते रंगात रुततं आणि रात्रीत गंजतं. एक अख्खी संध्याकाळ कंपाउंडने घासण्यात गेली. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, काही बोलत नव्हते. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

कापणं तासाभराचं काम. डिस्क वळणावर फिरवायची नाही, फुटते. लहान लहान सरळ काप घेत वळण गाठायचं. टेपच्या रेषेवर एकदम जायचं नाही, अर्धा इंच खाली कापायचं, पाहायचं, मग वर सरकायचं. शेवटचा काप झाला, कड खाली पडली आणि तिच्यामागून ओंजळभर काळी ढेकळं पडली. एप्रिल चालू होता, तरी आतली ओलसर होती.

आणि दोन्ही पत्रे सुटे झाले, मध्ये बोटभर पोकळी. आई चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "करंजी उकललीय की रे. मुरड कोण घालणार?"

खरं काम तेच होतं. आतल्या पत्र्याला दर इंचावर कात्रीने चीर दिली आणि एकेक पाकळी हातोडीने बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला भिडवली. आर्क वेल्डिंगवाल्याने दोन ठिकाणी भोकं पाडली, कारण पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. मग देवास नाक्याकडचा एक मिगवाला आणला, म्हणजे पातळ पत्र्याला चालणारं मिग वेल्डिंग करणारा. त्याने पहिल्यांदाच बजावलं, "भिया, लंबा टांका मत मांगना, पत्रा लहरा जाएगा." एक ठिपका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, मधे गार होऊ द्यायचं. दोन संध्याकाळी गेल्या. झिंकचा प्रायमर, सांध्यात सीलर, वरून रंग, आत पोकळीत मेणाचा स्प्रे. कडेला रबरी बीडिंग पुन्हा लावलं नाही. दिसायला छान, पण पाणी धरून ठेवतं. मडफ्लॅप मात्र परत बसवले.

आषाढात चोरलहून परतलो आणि या वेळी पाइप कमानीच्या आतून धरला. उजवीकडून गढूळ पाणी धो धो आलं. डावीकडून थेंब नाही. हात घालून चाचपलं, तर खालचं निचऱ्याचं भोक मीच सीलरने लिंपून टाकलं होतं. ड्रिलला ६ मिलिमीटरचा बिट लावला आणि गाडीखाली आडवा झालो. भोक पडलं आणि सगळं पाणी तोंडावर.