तिसऱ्या सीडीवर उघडलेला संगणक

छापखान्यातल्या त्या जुन्या पेंटियम 4 संगणकावर विंडोज सुरू न होता निळा पडदा येत होता : अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम, 0x000000ED, म्हणजे विंडोज असलेला डिस्कचा भाग उघडत नाही. रॅम 512 एमबी, 40 जीबीची आयडीई (जुन्या, रुंद चपट्या केबलने जोडायची) हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. मशीन बदला म्हणणं सोपं, पण मराठी डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर ज्या हार्डवेअर लॉकवर (कॉपी होऊ नये म्हणून संगणकाला लावायची छोटी डबी) चालतं, तो पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडणीला, लागतो. नव्या मशीनला तो पोर्टच नाही.

हा एरर आयडीई केबलमुळेही येतो. 80 तारांच्या जागी 40 तारांची केबल असली आणि बायोसने, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामने, डेटा वेगात नेणारा यूडीएमए मोड लावला, की डेटा बिघडतो. म्हणून आधी केबल पाहिली. ती 80 तारांचीच होती.

आता डिस्क तपासायला संगणक बाहेरून सुरू (बूट) करायला हवा होता. बायोसमध्ये पेन ड्राइव्हवरून बूट व्हायची सोय नव्हती, म्हणजे सीडीच हवी. छापखान्यातल्या मुलाने एक करून ठेवली होती. ती उघडली तर आत एकच आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रतिमा. फाइल सीडीवर टाकून बूट होत नाही. रायटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बर्न इमेज’ निवडावं लागतं, तेव्हाच बूटचा भाग सीडीवर उतरतो. बरोबर झालेल्या सीडीत फोल्डर दिसतात.

दुसरी सीडी मी केली. बूट झाली, आणि थांबली : या कर्नलला (सिस्टमच्या गाभ्याला) एक्स86-64, म्हणजे 64 बिट, प्रोसेसर हवा. हा 2.4 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर 32 बिट. घाईत प्रतिमा चुकीची घेतली होती. मग सिस्टमरेस्क्यूसीडीची, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या लिनक्स सीडीची, 32 बिट कर्नल असलेली जुनी आवृत्ती उतरवली, फाइल नीट उतरली का ते कळावं म्हणून चेकसम जुळवून पाहिला आणि 700 एमबीच्या कोऱ्या सीडी-आरवर 16 एक्स वेगाने लिहिली. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू मुद्दाम टाळली. तिच्यावरून प्रकाश फारच कमी परावर्तित होतो, जुन्या ड्राइव्हची थकलेली लेन्स ती ओळखतही नाही.

ही चालली. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलने डिस्क तपासली, तर 197 क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांत (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांत), आकडा शून्य नव्हता. इथे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन, चेकडिस्क, चालवायची घाई बहुतेक जण करतात, आणि तिथेच डेटा जातो. चेकडिस्क मरत्या डिस्कवर लिहिते, तिला भरपूर फिरवते. आधी प्रत, मग दुरुस्ती.

यूएसबी डिस्क जोडली. ती एफएटी32 असेल तर 4 जीबीपुढची फाइल बसत नाही, म्हणून आधी ती लिनक्सच्या ईएक्सटी4 पद्धतीने फॉरमॅट केली. बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणाऱ्या डीडीरेस्क्यूची पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता सोपं ते आधी. दुसरी फेरी ‘डी’ (डिस्क थेट वाचायची) आणि ‘आर3’ (तीनदा पुन्हा प्रयत्न) देऊन, फक्त राहिलेल्या जागांसाठी. कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल दोन्हीकडे तीच. ती नसेल तर मध्येच वीज गेल्यावर सगळं पहिल्यापासून. पहिली फेरी पाऊण तासात संपली, दुसरी रात्रभर चालली.

सकाळी ही प्रत 80 जीबीच्या दुसऱ्या आयडीई डिस्कवर उतरवली. अशा जुन्या बोर्डांपैकी अनेकांना 137 जीबीपुढची जागा दिसत नाही, म्हणून मोठी डिस्क घेतली नाही. केबलवरची मुख्य डिस्क म्हणून ओळखली जावी यासाठी जम्पर (डिस्कवरची छोटी पिन-टोपी) मास्टरवर. मग एक्सपीच्या मूळ सीडीवरून बूट, ‘आर’ दाबून रिकव्हरी कन्सोल (आज्ञा टाइप करून दुरुस्ती करायचा पडदा), आणि आता या प्रतीवर मात्र चेकडिस्क /आर. ती संपल्यावर एक्झिट.

डेस्कटॉप आला. लॉक लावून सॉफ्टवेअर उघडलं, दिवाळी अंकाची पानं जशीच्या तशी होती. जुनी डिस्क पुसली नाही. तारीख लिहून अँटिस्टॅटिक पिशवीत घालून मालकांच्या हाती दिली.