१२७ची साडेसाती सुटली (बहुतेक)

मंडळी, आरएक्स ५८० हे एएमडीच्या पोलॅरिस पिढीचं ग्राफिक्स कार्ड वठणीवर आलंय! ते ज्याला थेट जोडलंय (पासथ्रू) ते विंडोजचं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) हवं तितक्या वेळा बंद-चालू करा, होस्टला, म्हणजे खालच्या मूळ मशीनला, हात न लावता मॉनिटरवर चित्र येतंय. पोलॅरिसवाल्यांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

झालं असं की होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या अपडेटबरोबर लिनक्सचा कर्नल ६.१४ आला आणि व्हेंडर-रिसेटचं (एएमडी कार्डं नीट रिसेट करणारं कर्नल मॉड्यूल) डीकेएमएस बिल्ड, म्हणजे नव्या कर्नलसाठी आपोआप होणारं बिल्ड, आडवं झालं. कारण तसं किरकोळ. ६.१२पासून कर्नलच्या सोर्समध्ये अनअलाइन्डची हेडर फाइल एएसएम फोल्डरमधून लिनक्स फोल्डरमध्ये गेली आहे, मॉड्यूल मात्र तिला जुन्याच पत्त्यावर शोधतं. इन्क्लूडची ओळ बदलली, बिल्ड झालं, मॉड्यूल लोडही झालं. व्हीएम एकदा चाललं, बंद केलं, परत सुरू केलं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) तेच: अननोन पीसीआय हेडर टाइप १२७.

नव्यांसाठी थोडक्यात. या कार्डाला एफएलआर (फंक्शन लेव्हल रिसेट, म्हणजे डिव्हाइसने स्वतःपुरतं रिसेट व्हायची सोय) नाही, त्यामुळे कर्नल बस रिसेट मारतो, म्हणजे कार्डाची अख्खी पीसीआय जोडणीच रिसेट करतो, आणि पोलॅरिसला तो धड पचत नाही. कार्ड एकदा रुसलं की त्याचं कॉन्फिग वाचताना प्रत्येक बाइट एफएफ येते. हेडर टाइपमधला वरचा बिट वगळला की उरतात सातच्या सात एक, म्हणजे १२७. थोडक्यात, हा एरर म्हणजे तिकडे कुणी उत्तरच देत नाहीये.

मॉड्यूल आहे, मग रिसेट का नाही? धागा सापडला तो डीमेसेजमध्ये जे नव्हतं त्यात. व्हेंडर-रिसेट खरंच कामाला लागलं की 'परफॉर्मिंग प्री-रिसेट', मग 'बाको रिसेट' (बस चालू ठेवून चिप बंद-चालू करणं) अशा ओळी उमटतात. इथे एकही नाही. म्हणजे मॉड्यूल हजर, पण कर्नल त्याला विचारतच नव्हता. कर्नल ५.१५पासून रिसेट होऊ शकणाऱ्या प्रत्येक पीसीआय डिव्हाइसच्या सिसएफएस फोल्डरमध्ये (कर्नल जिथे डिव्हाइसची माहिती फाइलरूपात दाखवतो) रिसेट_मेथड नावाची फाइल असते. माझ्या कार्डाच्या फाइलमध्ये एकच शब्द होता: बस. तिथे हाताने 'डिव्हाइस_स्पेसिफिक' लिहिलं, व्हीएम बंद-चालू केलं, आणि बाकोची ओळ दिसली. रात्री दीडला खुर्चीतून उठून नाचलो, खालच्या मजल्यावरचे काका माफ करतील.

पण होस्ट रीबूट केला की फाइल पुन्हा 'बस'वर. म्हणून बूटला आपोआप ते लिहिणारी सिस्टमडीची छोटी सर्व्हिस लावली, तर ती 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून पडली. हाताने तीच कमांड मारली की गुपचूप चालते! ही गंमत बराच वेळ डोकं खाऊन गेली. लिहिताना कर्नल ती पद्धत खरंच उपलब्ध आहे का ते तपासतो, आणि बूटच्या वेळी सर्व्हिस मॉड्यूलच्या आधी धावत होती. क्रम लावून दिला, चाललं.

आता हे लिहिता लिहिता सुचतंय की सर्व्हिस हवीच कशाला? प्रॉक्समॉक्सच्या हुकस्क्रिप्टमध्ये (व्हीएम सुरू-बंद होताना चालणारी स्क्रिप्ट) प्री-स्टार्टला मॉडप्रोबने मॉड्यूल लोड करायचं, मग फाइलमध्ये लिहायचं, आणि लिहिणं फसलं तर स्क्रिप्ट एररने संपवायची. प्री-स्टार्ट फसलं की प्रॉक्समॉक्स व्हीएम सुरूच करत नाही, म्हणजे कार्ड रुसण्याआधीच गाडी थांबते. सर्व्हिस आजच काढतो. आरटीसीवेकने (ठरल्या वेळी मशीन जागं करणारी कमांड) होस्ट सस्पेंड करून कार्डाची वीज तोडायचा जुना जुगाडही आता बाद. तो चालायचा, पण घरचा व्हिडिओ सर्व्हर जेलीफिन त्याच होस्टवर असल्याने आईची मालिका ऐन रंगात अडकायची.

कार्डाविषयी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं सेकंडहँड आहे, क्रिप्टो मायनिंगमधून आलेलं. थर्मल पेस्ट खडूसारखी सुकली होती, ती बदलली. दुकानदार 'गेमिंगमध्ये वापरलंय' म्हणाला की माना डोलवा, पण बायोस मायनिंगसाठी बदललाय का ते घरी आल्या आल्या बघा. आणि पासथ्रूसाठीच नवीन घेणार असाल तर पोलॅरिसच्या वाटेला जाऊ नका. एलएसपीसीआयमध्ये (पीसीआय डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) एफएलरिसेटपुढे अधिकचं चिन्ह दिसलं तर निम्मी कटकट वाचते.

निम्मीच, कारण व्हीएमला द्यायचं पुढचं गिऱ्हाईक आहे मदरबोर्डवरचा एएमडीचा मॅटिस यूएसबी कंट्रोलर. तो एफएलआर येतं असं सांगतो आणि केल्यावर लटकू शकतो, म्हणून कर्नलनेच त्याचं एफएलआर बंद करून ठेवलंय. आधी त्याच्या आयओएमएमयू ग्रुपमध्ये (व्हीएमला एकत्रच द्यावी लागणारी डिव्हाइसं) आणखी कोण कोण बसलंय ते बघतो. बूट डिस्कचा साटा कंट्रोलर त्यातच निघाला, तर शनिवारी ग्रँट रोडला उतरून सरळ वेगळं यूएसबी कार्ड आणणार.