सेंटर-बॅकने घाई करू नये

ब्राझीलचा फुटबॉलपटू थियागो सिल्वा हा सेंटर-बॅक, म्हणजे गोलसमोर मध्यभागी उभा राहणारा बचावपटू. तो पहिल्यांदा युरोपात गेला तेव्हा काहीच जमलं नाही. २००४मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो क्लबने त्याला घेतलं, पण तो राखीव संघातच अडकला. पुढच्या वर्षी डायनामो मॉस्को. तिथे एकही अधिकृत सामना खेळण्याआधी क्षयरोगाचं निदान झालं आणि कित्येक महिने रुग्णालयात गेले. २००६मध्ये तो ब्राझीलला, फ्लुमिनेन्से क्लबकडे परतला, २००७मध्ये कोपा दो ब्राझील हा तिथला करंडक जिंकला, २००८मध्ये लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल खेळला. मग इटलीचा मिलान. या दुसऱ्या खेपेला तो २४ वर्षांचा होता, आणि पुढची १५ वर्षं युरोपातच राहिला.

ब्राझीलचा विंगर (कडेने हल्ला करणारा खेळाडू) अठराव्या वर्षी परदेशी गेला तर वीस मिनिटं खेळवून त्याला हळूहळू मुरवता येतं. सेंटर-बॅकचं तसं नसतं. सत्तराव्या मिनिटाला सेंटर-बॅक बदलण्याची हौस कुठल्याच प्रशिक्षकाला नसते. तो एक तर पूर्ण ९० मिनिटं खेळतो, नाहीतर बाकावर बसतो. म्हणून पहिला क्लब किती मोठा आहे यापेक्षा तिथे मिनिटं किती मिळणार, हे आधी बघावं लागतं.

मैदानावरची मुख्य अडचण जागेची. ब्राझीलमध्ये बरेच संघ चेंडू गेला की मागे सरकतात. बचावफळी पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी येते आणि सेंटर-बॅकच्या पाठीमागे फारशी जागा उरत नाही. युरोपातल्या मोठ्या क्लबांत तीच फळी मध्यरेषेजवळ उभी असते, म्हणजे पाठीमागे ४० मीटर मोकळं रान. तिथे टॅकल कितीही चांगला असला तरी उभं राहण्याची पद्धत चुकली की संपलं. समोरचा पासर मान वर करून मोकळा असेल तर दोन पावलं मागे. त्याच्या अंगावर कुणी असेल तर फळी वर. खांदे आडवे, अर्धं अंग स्वतःच्या गोलकडे वळलेलं. नवखा बचावपटू नेमका इथेच फसतो. तो चेंडूकडे तोंड करून सरळ उभा राहतो आणि वळेपर्यंत स्ट्रायकर निघून गेलेला असतो.

दुसरी अडचण तोंडाची. 'वर चला', 'सोड', 'पाठीमागे माणूस आहे' हे अर्ध्या सेकंदात, शेजारच्याला कळेल अशा भाषेत ओरडता यायला हवं. पोर्तुगाल ही पहिली पायरी म्हणून इतकी चालते ती यामुळेही: ब्राझीलची भाषाही पोर्तुगीजच. लुइझाओ २००३मध्ये बेन्फिकाला गेला आणि तिथेच १५ वर्षं राहिला. डेव्हिड लुइझ २००७ ते २०११ तिथे घडला आणि मग चेल्सीला गेला. एदेर मिलिताओला तर पोर्तोत एकच हंगाम पुरला. २०१९मध्ये रेआल माद्रिदने त्याच्यासाठी ५ कोटी युरो मोजले.

लांबची वाटही असते. दांते २००४मध्ये फ्रान्सच्या लीलला गेला, तिथे बस्तान बसलं नाही. मग बेल्जियममध्ये शार्लरुआ आणि स्टँडर्ड लिएज, मग जर्मनीत म्योन्शनग्लाडबाख, आणि २०१२मध्ये, २८व्या वर्षी, बायर्न. तिथल्या पहिल्याच हंगामात तीन करंडक. गाब्रिएल मागाल्याइसला लीलने २०१७मध्ये घेतलं ते लगेच खेळवायला नाही. आधी त्र्वा, मग डिनामो झाग्रेब असा लोनवर (उसना) फिरवला, आणि २०२०मध्ये आर्सेनलला विकला. तो डावखुरा आहे हेही लक्षात घ्या. डाव्या बाजूने सरळ बाहेर पास काढणारा सेंटर-बॅक दुर्मीळ, त्यामुळे त्याची वाट बघायला क्लब तयार असतात.

आता कागदपत्रं. फिफाच्या नियमानुसार १८ पूर्ण होण्याआधी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर होत नाही. अपवाद मोजके आहेत आणि ब्राझीलहून युरोपात जाणाऱ्याला त्यांचा सहसा उपयोग नसतो. त्यामुळे सौदा सोळा-सतराव्या वर्षी ठरतो आणि मुलगा अठरावा वाढदिवस झाल्यावर निघतो. स्पेनमध्ये एका संघात युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू चालतात, पण ब्राझीलच्या नागरिकाला दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, म्हणजे ती जागा पुढे मोकळी होऊ शकते. इंग्लंडमध्ये खेळण्याच्या परवान्यासाठी गुणांचा हिशेब आहे: राष्ट्रीय संघातले सामने, लीगचा दर्जा, खेळलेली मिनिटं, सगळं धरून १५ गुण. आणि इटलीत काय होतं ते थियागो सिल्वालाच ठाऊक. मिलानने त्याला २००९च्या सुरुवातीलाच आणलं, पण परदेशी खेळाडूंचा कोटा भरलेला. अर्धा हंगाम नुसता सराव आणि मैत्रीपूर्ण सामने. माझ्या मते त्याचं भलंच झालं. लीगमधल्या एकाही गुणाची जोखीम न घेता इटालियन बचाव शिकायला मिळाला.

ही सक्तीची विश्रांती सगळ्यांना मिळत नाही. ब्राझीलचा हंगाम जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये निघालेला खेळाडू तोवर निम्मा हंगाम खेळून चुकलेला असतो आणि सुट्टी न घेता दुसऱ्या हंगामात उतरतो. मांडीचे मागचे स्नायू नोव्हेंबरच्या सुमारास कुरकुरायला लागले तर नवल नाही. जानेवारीत गेलेल्याचं उलटं. तो सुट्टीवरून येतो, आणि बाकीचे ऐन लयीत असतात.

पैशाचं एक कलम फारसं कुणी वाचत नाही. करार चालू असताना खेळाडू विकला गेला की किमतीच्या ५ टक्के रक्कम त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते: १२ ते १५ या चार वर्षांचे दरसाल पाव टक्का, १६ ते २३ या आठ वर्षांचे दरसाल अर्धा टक्का. ५ कोटी युरोंच्या सौद्यात हे २५ लाख होतात. फक्त बारा ते पंधरा या वयात मुलगा ज्या क्लबात होता, त्यालाही ५ लाख. छोट्या क्लबाचं वर्ष त्यावर निघतं. करार संपवून फुकट गेला तर मात्र काही नाही. सिल्वा २०२०मध्ये पॅरिसहून चेल्सीला असाच गेला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यासोबत चॅम्पियन्स लीग जिंकला.

२०२४मध्ये तो फ्लुमिनेन्सेत परतला. ८ जुलै २०२५ला क्लब वर्ल्ड कपची उपांत्य फेरी, समोर चेल्सी. चाळिशीतला सिल्वा कर्णधार, आणि चेल्सीने २-० जिंकलं. दोन्ही गोल जोआव पेद्रोचे, फ्लुमिनेन्सेच्याच अकादमीत वाढलेला मुलगा. चेल्सीने त्याला नुकतंच ब्रायटनकडून विकत घेतलं होतं, त्यामुळे त्या किमतीतला नियमाप्रमाणेचा वाटा फ्लुमिनेन्सेचाही होता.