65 हजारांची जुनी स्प्लेंडर

माझी भाची बार्शीहून पुण्यात नोकरीसाठी आली ती गेल्या वर्षी, 2025 च्या दिवाळीनंतर. बियाण्यांच्या एका कंपनीत तिला शेतांवर फिरण्याचे काम मिळाले होते, आणि आठवड्यातून चार दिवस शिरूर-दौंडच्या बाजूला जायचे असल्यामुळे स्वतःची दुचाकी असणे ही त्या कामाची पहिली अट होती. स्कूटर तिला उत्तम येत होती आणि विनागिअर गाडीचे लायसन्सही होते. परंतु बांधापर्यंत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर स्कूटरची लहान चाके फार काळ साथ देत नाहीत, आणि गिअरच्या मोटरसायकलसाठी लायसन्सवर वेगळा वर्ग चढवून घ्यावा लागतो. म्हणजे तिला शिकाऊ परवान्यापासून पुन्हा सुरुवात करायची होती. 100 सीसीची एखादी जुनी मोटरसायकल घ्यावी, तिच्यावर हात बसवावा, पाडायची तेवढी पाडावी आणि पगार स्थिरावल्यावर नवी घ्यावी, असा आमचा सरळ बेत होता. त्यासाठी मी 25 हजार रुपयांचा आकडा सांगितला. तो सांगताना माझ्या डोक्यात पंधरा वर्षांपूर्वीचा बाजार होता, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले.

पहिल्या रविवारी आम्ही ज्या गाड्या पाहिल्या त्यांचे भाव मी एका वहीत लिहून ठेवले आहेत. 2021 ची स्प्लेंडर 65 हजार. 2019 ची 56 हजार. 2016 ची, मागचे मडगार्ड तारेने बांधलेली, 44 हजार. त्याच आठवड्यात नव्या स्प्लेंडर प्लसची एक्स-शोरूम किंमत 74 हजारांच्या आसपास होती, आणि कर, विमा व नोंदणी धरून ती रस्त्यावर यायला साधारण 90 हजार लागत होते. साडेचार वर्षे वापरलेल्या, टायर घासलेल्या गाडीसाठी नव्या गाडीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश पैसे मागण्याचा हा हिशेब मला काही केल्या जुळवता येईना. नोकरीची सगळी वर्षे मी आकडेमोडीत घालवली असल्यामुळे मला ते सोडूनही देता येईना.

विमा कंपन्या गाडीची घोषित किंमत ठरवताना घसाऱ्याची एक तक्ता-पद्धत वापरतात. गाडी सहा महिन्यांपर्यंत जुनी असेल तर नव्या किमतीतून 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाचपर्यंत 50 टक्के वजा होतात. या हिशेबाने 2021 च्या त्या गाडीची किंमत 37 हजार निघते. विम्याची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, हे मान्य. तरीही एकच गाडी उद्या चोरीला गेली तर तिचे 37 हजार मिळणार आणि आज विकत घ्यायची तर 65 हजार मोजायचे, यातल्या 28 हजारांचे नाव काय, हा प्रश्न मी त्या विक्रेत्याला विचारला. तो हसून म्हणाला, ‘‘काका, इन्शुरन्सवाल्याकडून घ्या मग.’’ उत्तर उर्मट असले तरी चुकीचे नव्हते.

पुढच्या तीन आठवड्यांत मला जे समजले ते असे, की जुन्या गाडीचा मालक तिचा भाव तिच्या वयावरून ठरवत नाही, तर आज नवी गाडी किती महाग आहे त्यावरून ठरवतो. आणि नवी गाडी गेल्या सात-आठ वर्षांत पायरी-पायरीने महाग झाली आहे. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, एकदम घेणे बंधनकारक झाले. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीला दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था किंवा एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था, द्यावी लागू लागली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक निकष आले, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले आणि किमतीने मोठी उडी घेतली. या प्रत्येक पायरीला नव्या गाडीच्या ग्राहकाला पैशाच्या बदल्यात निदान काहीतरी मिळाले. मौज अशी, की ज्या जुन्या गाडीला यातले काहीही नाही, ना एकत्रित ब्रेक, ना इंजेक्शन, ना शिल्लक विमा, तिचाही भाव त्याच पायऱ्या चढून वर गेला. उलट कार्ब्युरेटरची गाडी ‘‘कुठल्याही गावात दुरुस्त होते, सेन्सरची भानगड नाही’’ म्हणून चार पैसे जास्तीच मागते.

मग 22 सप्टेंबर 2025 रोजी 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. 100 रुपयांच्या मूळ किमतीवर 128 द्यायचे ते 118 झाले, म्हणजे नवी गाडी पावणेआठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त झाली. वर जाताना इतक्या इमानाने पाठोपाठ जाणारा जुना भाव खाली येताना मात्र जागचा हलला नाही. ज्याने वर्षभरापूर्वी जुन्या कराने गाडी घेतली होती, त्याच्या दृष्टीने त्याचे पैसे त्या गाडीत अडकलेले होते, आणि त्या पैशांत रस्ता-कर, विमा, सीटकव्हर, क्रॅशगार्ड आणि टाकीवरचे घोड्याचे स्टिकर हे सगळे त्याने धरलेले होते.

पण केवळ विक्रेत्याची हाव म्हणून हा भाव टिकला नसता. तो टिकतो, कारण तो देणारे लोक आहेत, आणि ते शिकाऊ नाहीत. स्वारगेटजवळच्या एका विक्रेत्याकडे आम्ही तासभर बसलो होतो, तेवढ्या वेळात पाठीला जेवणाच्या डिलिव्हरीची पेटी लावलेले दोन तरुण येऊन गेले आणि तिसरे गृहस्थ दुधाचे कॅन बांधता येतील असे मागचे कॅरिअर आहे का, हे पाहून गेले. यांच्यासाठी 97 सीसीची, पेट्रोल कमी पिणारी आणि 1994 पासून बाजारात असल्यामुळे जिचा सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळतो अशी गाडी हे कमाईचे साधन आहे. दिवसाला शंभर किलोमीटर चालवणारा माणूस 55 हजार मोजून ते वसूल करू शकतो. माझ्या भाचीला पहिले दोन महिने ती गाडी फक्त रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर बंद पाडायची होती. दोघे एकाच गाडीसमोर उभे राहतात तेव्हा भाव कमावणाऱ्याच्या हिशेबाने ठरतो, आणि शिकणाऱ्याला तो आपल्या गरजेच्या मानाने अवाच्या सवा वाटतो. ब्रिटनमध्ये सुरुवातीचे प्रशिक्षण घेतलेल्या शिकाऊ चालकाला 125 सीसीपर्यंतचीच मोटरसायकल चालवता येते, त्यामुळे तिथे लहान गाड्यांना कायद्यानेच गिऱ्हाईक मिळते. आपल्याकडे अठरा वर्षांच्या मुलाने शिकाऊ परवान्यावर 350 सीसी चालवली तरी कायदा आडवा येत नाही. इथे लहान गाडीकडे ढकलतात ते खिसा आणि भीती.

भीतीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते जास्तीचे पैसे खरे तिथे जातात. नवी गाडी हप्त्यावर मिळते. हातात 15-20 हजार असले तरी ती दारात येते. जुनी गाडी बहुतेक वेळा रोख घ्यावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्यानेच एकरकमी मोजायचे. तरीही माणूस जुनीकडे वळतो, कारण नवी गाडी पडेल ही धास्ती, आणि घरातल्या प्रत्येकाचे तेच म्हणणे: ‘‘आधी जुनीवर शीक.’’ विक्रेत्याला हे वाक्य पाठ आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्या लायसन्सची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते, आणि नोकरीवर रुजू व्हायची तारीख तर ठरलेली असते. घाईत असलेले, इंजिनच्या आवाजातला फरक न कळणारे आणि दुसरा पर्याय डोक्यातून काढून टाकलेले गिऱ्हाईक समोर आले, की ‘‘कंडिशन एक नंबर’’ एवढ्या तीन शब्दांवर दहा हजार रुपये वाढवता येतात.

आम्ही एकदा फसता फसता वाचलो. मीटरवर 19 हजार किलोमीटर दाखवणारी एक चकचकीत गाडी होती. माझ्या ओळखीच्या फिटरने इंजिनकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने फूटरेस्टचे रबर पाहिले, ब्रेकच्या पायपट्टीवरची घासून गुळगुळीत झालेली धार पाहिली, चावीचे भोक हलवून पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, की मीटरची केबल काढून ठेवली की आकडा थांबतो, पायपट्टी थांबत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘एकदाही टायर न बदललेल्या’ त्या 2020 च्या गाडीवर 2023 चा टायर होता. दुसऱ्या एका ठिकाणी गाडी बरी होती, पण आरसी बुकावर ज्याचे नाव होते त्याने ती ज्याला विकली त्याने ती तिसऱ्याला विकली होती, आणि मधल्या कोणीही नावावर करून घेतली नव्हती. सही केलेला टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलाचा अर्ज, मिळेल, असे आश्वासन होते. अपघात झाल्यास नोंदणी ज्याच्या नावावर असेल तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केलेले आहे. तरी अर्धा बाजार आजही त्या कोऱ्या फॉर्मवर चालतो.

या सगळ्यातून माझे एक मत तयार झाले, ते बरोबरच असेल असा आग्रह नाही. शिकणाऱ्याने तीन ते सहा वर्षे वयाच्या गाडीकडे फिरकू नये. कमावणाऱ्यांची सगळी झुंबड त्याच वयावर असते, आणि तिथे नव्याच्या भावात जुने मिळते. एक तर सरळ नवी घ्यावी आणि पडेल तेव्हा पडू द्यावी, नाहीतर बारा-तेरा वर्षांची घ्यावी, जिच्याकडे डिलिव्हरीवाला ढुंकून पाहत नाही. पंधरा वर्षे उलटलेली मात्र टाळावी, कारण मग पासिंग पुन्हा करून घेणे, पर्यावरण कर आणि त्यासाठीच्या खेपा हे सगळे मागे लागते.

शेवटी डिसेंबरात आम्हाला 2012 ची स्प्लेंडर मिळाली. मालक निवृत्त शिक्षक होते, गाडी त्यांच्याच नावावर होती, पासिंग 2027 पर्यंत होते आणि कर्जाचा बोजा कधीच उतरवलेला होता. त्यांनी 28 हजार मागितले. मी वहीतली जाहिरातींची यादी त्यांच्यासमोर ठेवली: लिहून ठेवलेल्या चौदा गाड्यांपैकी नऊ तीन आठवड्यांनंतरही त्याच भावात पडून होत्या, म्हणजे जाहिरातीतला भाव हा मागणाऱ्याचा, मिळालेला नव्हे. शिक्षकांनी यादी शांतपणे वाचली, एका ठिकाणचे शुद्धलेखन दुरुस्त केले आणि साडेबावीसला व्यवहार झाला. मागचा टायर, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट आणि हँडलचा कोन सेट मिळून 5,100 रुपये. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचे 531. त्रयस्थ-पक्ष विम्याचे 714 अधिक जीएसटी. एकूण 29 हजारांच्या आत. माझ्या 25 हजारांपेक्षा जास्तच, पण 65 पासून पुष्कळ लांब.

स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने पुढे दाबत जायचे असतात, एवढे एक सोडले तर भाचीला फारसे शिकवावे लागले नाही. पहिल्या पंधरवड्यात गाडी दोनदा डाव्या अंगावर पडली, एक क्लचची दांडी मोडली आणि फूटरेस्ट वाकले. ती दोन्ही वेळा गाडीआधी स्वतः उठली. जानेवारीत लायसन्स झाले. गेल्या आठवड्यात तिने हप्त्यावर नवी गाडी नोंदवली आणि जुनीची जाहिरात लिहायला आम्ही दोघे बसलो.

मी वहीतला हिशेब काढून 24 हजार सुचवले. तिने मोबाइलवर आजूबाजूचे भाव पाहिले आणि म्हणाली, ‘‘मामा, 2012 च्या गाडीला लोक 36 मागतात. आपण टायर नवा टाकलाय, चेन नवी टाकलीये.’’ मी तिला घसाऱ्याचा तक्ता पुन्हा समजावून सांगू लागलो. तिने ऐकून घेतले. बऱ्याच वादानंतर आम्ही 34 हजार लिहिले, आणि त्यापुढे ‘थोडेफार कमी-जास्त होईल’ हे शब्द मीच घातले. पहिला फोन सकाळी साडेसातला आला. करमाळ्याहून शिकायला आलेला मुलगा होता, आणि त्याला गाडी येत नव्हती.